पुलीपलीकडची चौकट

१

लिलाधरच्या साकोलीतल्या दुकानावर 'ऑनलाइन कामे करून मिळतील' अशी पाटी होती, पण तालुक्यात त्याचं नाव होतं ते ऑफलाइन कामांसाठी. जंगलाकडच्या गावांत मोबाईल म्हणजे वेळ बघायचं घड्याळ. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये कुठलाही प्रोग्राम घालायचा तर आधी दुकानात बसून त्याची पॅकेजं उतरवायची, पेनड्राइव्हवर भरायची आणि तिथे नेऊन एकेक बसवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पॅकेज म्हणजे लग्नातला मानाचा पाहुणा. 'अमक्याला बोलावल्याशिवाय मी येत नाही' म्हणून अडून बसतं, आणि त्या अमक्याला आणावं तर त्याचाही एक साडू निघतो. इंटरनेट असलं की हे सगळे आपापसात निस्तरतात. नसलं की लिलाधर एक पाय ओढत स्कूटीवर बसतो आणि साकोलीच्या वाटेला लागतो. मोटरसायकलच्या अपघातात त्याचा डावा पाय आखूड झाला होता, तेव्हापासून त्याची चाल हिंदकळती होती.

यावेळचं काम भय्याजींच्या राईस मिलमधलं होतं. साकोलीहून नागझिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धानाच्या बांध्यांमध्ये, टिनाच्या मोठ्या शेडमध्ये ती जुनी मिल होती. मधोमध माणसाच्या छातीएवढी लोखंडी पुली आणि तिच्यावरून धावणारा रुंद पट्टा. गेल्या हंगामात गोपीचंद नावाचा ऑपरेटर त्या पट्ट्यात सापडून मेला. मग वरून बोलणी बसली, आणि भय्याजींनी नाक मुरडत एक कॅमेरा आणि एक कॉम्प्युटर आणून ठेवला. पट्ट्याजवळ माणूस दिसला की मोटर बंद पडली पाहिजे, एवढंच त्या प्रोग्रामने करायचं होतं.

गोपीचंदच्या जागी मिलमध्येच पोती उचलणारा इश्वर लागला होता. इश्वर म्हणजे लिलाधरच्या थोरल्या बहिणीचा, शकुनचा नवरा. शकुनने भावाला दुकानात येऊन गाठलं आणि कॉम्प्युटरचं काम त्याच्याच गळ्यात घातलं.

"तुह्याच हातानं बसव," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनावर माहा भरोसा नाई."

लिलाधरने मान डोलावली. बहिणीचा नवरा घरी धड परत यावा, यासाठी त्याने ते काम घेतलं.

२

दोनचार खेपा झाल्या. मिलमधल्या छोट्या खोलीत, कोंड्याने पिवळ्या झालेल्या खिडकीशी कॉम्प्युटर ठेवला होता. लिलाधर पॅकेज बसवायचा, ते दुसरं मागायचं, तो साकोलीला जायचा. शेवटी नव्या आवृत्तीचे नखरे परवडेनात, तेव्हा त्याने तिचा नाद सोडला आणि कमी पाहुणे मागणारी जुनी आवृत्ती बसवली. ती मुकाट्याने बसली.

स्क्रीनवर शेडचं चित्र आलं. वर उजव्या कोपऱ्यात आकडा होता. माणूस दिसला की त्याच्याभोवती हिरवी चौकट यायची आणि आकडा वाढायचा.

लिलाधरने इश्वरला कॅमेऱ्यासमोरून चालायला सांगितलं. इश्वर दारात आला, रोजच्यासारखा खाली वाकला, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मगच आत शिरला. स्क्रीनवर त्याची चौकट दारात बुटकी झाली आणि पुन्हा उंच झाली. लिलाधरला मौज वाटली. मग तो स्वतः समोरून चालून आला, आणि इश्वर स्क्रीन बघून पोट धरून हसला. लिलाधरची चौकट पावलागणिक वरखाली हिंदकळत होती.

"साळेबुवा, तुमची चौकट त नावेत बसल्यावानी चालून रायली," इश्वर म्हणाला.

लिलाधरही हसला. भावजींनी पायावरून चेष्टा केली तर त्याला राग येत नसे, दुसऱ्या कोणी केली असती तर आला असता. दोघं खोलीत येऊन बसले, इश्वरने तंबाखू मळायला घेतली. मोटर बंद होती, शेड रिकामी होती.

आकडा १ दाखवत होता.

३

चौकट दाराकडून आली होती. दारात ती वाकली नाही. सरळ चालत पुलीच्या पलीकडे गेली आणि थांबली. तिथे काही नव्हतं. नुसती जमीन, नुसती हवा आणि तिच्याभोवती काटेकोर हिरवी रेघ.

मग चौकट पुढे झुकल्यासारखी आखूड झाली. एक बाजू पुलीकडे ओढली गेली. ती ताणली, आडवी झाली, चेपत चेपत काडीएवढी उरली, वर उडाली, खाली आपटली, पुन्हा वर उडाली आणि दिसेनाशी झाली. आकडा शून्य झाला. थोड्या वेळाने दारात पुन्हा चौकट उभी राहिली.

लिलाधरचं डोकं आपलं काम करत राहिलं. टिनाच्या भोकातून येणारं ऊन असेल. कोंड्याची धूळ असेल. एखादी चिमणी असेल. शिवाय आवृत्ती जुनी होती, जुन्या आवृत्तीला भिंतीत माणसं दिसतात हे त्याने ऐकलं होतं. तो उठला, पाय ओढत पुलीमागे गेला आणि नीट पाहून आला. पुली आणि भिंत यांच्यामध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं, माणसाच्या छातीच्या उंचीवर, आडवंतिडवं. त्याचा एकही धागा तुटलेला नव्हता.

"गोपीचंद कसा गेला, भावजी?" त्याने परत येऊन विचारलं.

इश्वरने तंबाखूचा हात थांबवला. मग त्याने सांगितलं. भार आला की पट्टा पुलीवरून घसरतो. घसरू नये म्हणून त्याला राळ चोळतात. मोटर बंद करून चोळावी असा नियम आहे, पण बंद केली की पुन्हा वेग यायला वेळ लागतो, दाणा तुटतो, मालक शिव्या देतो. म्हणून सगळेच चालत्या पट्ट्याला राळ लावतात. गोपीचंदही लावत होता.

"पयले हात गेला," इश्वर म्हणाला. "मंग बाकीचा. बाहेरून धावत लोकं आले तवा पट्ट्यानं त्याले वर नेऊन खाली आपटून, वर नेऊन खाली आपटून... वळखू येत नव्हता बाप्पा. डोसकं भिंतीले लागत होतं दरवेळी. मी आवाज आयकला."

स्क्रीनवरची चौकट त्या क्षणी वर उडाली आणि खाली आपटली. इश्वरचं तिकडे लक्ष नव्हतं. लिलाधरने स्क्रीन बंद केली आणि त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय होतं?

४

दुसऱ्या दिवशी धानाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत लागली होती आणि मोटर सुरू होत नव्हती. तिचं काही चुकत नव्हतं. कॉम्प्युटर म्हणत होता पट्ट्याजवळ माणूस आहे, आणि माणूस असेपर्यंत तो मोटर सुरू होऊ देत नव्हता. चौकट क्षणभर जायची, मोटर घरघरायची, चौकट दारात यायची, मोटर बंद. शेतकरी बोंबलत होते. भय्याजी खोलीत आले, त्यांनी हातातला चहाचा ग्लास भिंतीवर फोडला आणि लिलाधरची कॉलर धरली.

"मेला त्याचा एकदा तमाशा झाला. आता हा दुसरा कायले?" ते ओरडले. "चालू कर. नाई त ह्या डब्यासंगं तुले पुलीत घालतो."

काच लिलाधरच्या गालाला लागून रक्त येत होतं. त्याने सांगून पाहिलं की नवी आवृत्ती आणावी लागेल, ती साकोलीला मिळेल, उद्यापर्यंत थांबा. भय्याजींनी कॉलर आणखी आवळली. मागे इश्वर उभा होता, मान खाली घालून. नोकरी त्याचीही होती.

प्रोग्राममध्ये एक सोय असते. चित्रातल्या एखाद्या जागेवर काळी पट्टी मारता येते. रस्त्यावरचं झाड हलत असेल, भिंतीवर माणसाचं पोस्टर असेल, तर तेवढ्या जागेकडे बघू नको, असं कॉम्प्युटरला सांगता येतं. लिलाधरने पुलीच्या पलीकडच्या जागेवर पट्टी ओढली. गोपीचंद गेल्यापासून तिथे कोणी जातही नव्हतं, अलीकडची बाजू कॅमेरा बघतच होता. 'नक्की?' असं कॉम्प्युटरने विचारलं. त्याने होकार दिला.

आकडा शून्यावर आला आणि तिथेच राहिला. मोटर गरजली, पट्टा फटफटत धावू लागला, शेडभर कोंडा उडाला. भय्याजींनी हसून त्याची पाठ थोपटली आणि गालाला लावायला हळद मागवली.

जाताना लिलाधरने इश्वरला बाजूला घेतलं. पुलीच्या पलीकडे कॅमेरा आंधळा आहे, तिकडे पाऊल टाकू नका, राळ लावायची तर मोटर बंद करून लावा, असं त्याने दोनदा बजावलं. इश्वरने शकुनच्या गळ्याची शपथ घेतली.

आपण भावजींना धोक्याची जागा दाखवतो आहोत, असं लिलाधरला वाटत होतं. प्रत्यक्षात त्याने त्यांना मोटर न थांबवता राळ लावायची जागा दाखवून दिली होती. हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

५

सकाळी तो नवी आवृत्ती घेऊन निघाला. सगळे पाहुणे, त्यांचे साडू, सासरे, सगळे पेनड्राइव्हवर भरून घेतले होते. दुकानात तपासूनही पाहिली होती. तिला रिकाम्या खोलीत कोणी दिसलं नव्हतं. वाटेत त्याला हलकं वाटत होतं. पट्टी काढायची, नवं बसवायचं आणि शकुनकडे जेवायला जायचं, असा बेत होता.

मिल जोरात चालू होती. इश्वर खिडकीच्या काचेपलीकडे पोती ओतताना दिसला, त्याने हात वर केला. लिलाधर कॉम्प्युटरसमोर बसला. पॅकेजं एकामागून एक बसली, कोणी अडलं नाही. तेवढ्या वेळात पट्ट्याचा आवाज बदलला होता. फटफट जाऊन घसरल्याचा चरचर आवाज येत होता. त्याने खिडकीतून पाहिलं. इश्वर पोत्यांपाशी नव्हता.

त्याने काळी पट्टी काढली.

पट्टीखाली चौकट होती. एक नव्हती, दोन होत्या. एक पुढे, पुलीकडे झुकलेली. दुसरी तिच्या मागे, इतकी चिकटून की दोघींच्या रेघा एकमेकींत गेल्या होत्या. आकडा २ झाला आणि त्याच क्षणी टक् आवाज होऊन मोटर बंद पडली. प्रोग्रामने आपलं काम अगदी चोख केलं होतं.

पण मोटर बंद झाली म्हणून पट्टा लगेच थांबत नाही. एवढं लोखंड फिरत असतं, ते आपल्या वजनानेच आणखी फिरत राहतं.

लिलाधर धावला. पायाने दगा दिला, तो दारात पडला, उठला आणि पुलीला वळसा घालून पोचला. इश्वर त्याला पाठमोरा दिसला. उजव्या मुठीत राळेचा खडा, हात लांबवलेला. आणि त्या हाताच्या मनगटावर आणखी एक हात होता. कोंड्याने पांढरा, नखं उलटलेली, कोपराच्या मागे काहीच नसलेला. लिलाधरने तो पाहिला. पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं नाही, पण पाहिला होता.

मग पट्ट्याने इश्वरला ओढलं. आधी मूठ गेली, मग खांद्याचं हाड लाकूड मोडावं तसं मोडलं, आणि तो सबंध माणूस जमिनीवरून उचलला जाऊन पुलीवर गेला. तो ओरडला, आणि ते ओरडणं मध्येच ओलसर होऊन थांबलं. वर, खाली. वर, खाली. भिंतीला दरवेळी लागत होतं. लिलाधरने त्याचा पाय धरला, त्याच्याही हाताची सालं गेली, चप्पल त्याच्या हातात राहिली. पट्टा हळू होत होता, पण फार हळू. थांबला तेव्हा लिलाधरच्या तोंडावर, शर्टावर, दातांत रक्त होतं, आणि शेडमधला कोंडा ओला होऊन जमिनीला चिकटला होता.

६

शकुनने लिलाधरला सरणाजवळ मारलं. हाताने मारलं, मग खाली पडलेलं लाकूड घेऊन मारलं. नातलग धरायला धावले, त्याने त्यांना अडवलं. पाठीवर, खांद्यावर, आखूड पायावर ती मारत राहिली आणि तो उभा राहिला. दुखतं आहे याचं त्याला बरं वाटत होतं.

"मी तुले म्हतलं होतं तुह्याच हातानं," एवढंच ती म्हणत होती.

दिवसकार्य उरकल्यावर भय्याजींचा निरोप आला. नवा ऑपरेटर मिळाला आहे, पण मोटर सुरू होत नाही. कॉम्प्युटर दोन माणसं दाखवतो. येऊन पट्टी मारून जा.

लिलाधर पट्टी मारायला गेलाच नाही. तो कॉम्प्युटर उखडून पुलीवर आपटायला गेला. शकुन स्कूटीवर मागे बसून आली. त्याने नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. जे दिसतं ते तिला बघायचं होतं.

७

मिल बंद होती. भर दुपारचं ऊन टिनावर तापत होतं. भय्याजी नव्या ऑपरेटरबरोबर बाहेर बाभळीखाली उभे होते. आत कोणी नव्हतं, लिलाधरने स्वतः पाहिलं. पुलीमागे जमीन खरवडून धुतली होती, आणि कोळ्याने नवं जाळं विणलं होतं.

त्याने स्क्रीन लावली. नवी आवृत्ती होती, तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. आकडा २ होता.

दोन्ही चौकटी पुलीमागे एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. पुढची झुकली, मागची तिच्यावर कलली, आणि पुढची ओढली गेली. ताणली, आडवी झाली, वर उडाली, खाली आपटली. शकुनने तोंडावर पदर दाबला, पण नजर हटवली नाही.

"तो मांगचा कोन?" तिने विचारलं.

"गोपीचंद," लिलाधर म्हणाला. "त्यानंच भावजीले ओढलं. मी त्याचा हात पायला, ताई. कोनाले सांगतलं नाई."

चौकटी नाहीशा झाल्या, आकडा शून्य झाला. लिलाधरने वायर उपटायला हात घातला. तिने त्याचं मनगट धरलं.

"हे काढलं त थांबन का?"

"नाई. दिसनार नाई फक्त."

"मंग राहू दे. मले पुन्यांदा पाहू दे."

दारात चौकट आली. एक आत शिरली. तिच्यामागून दुसरी आली, पण ती दारात थांबली. बुटकी झाली, जणू कोणी खाली वाकून उंबऱ्याला हात लावला, आणि पुन्हा उंच झाली. मग पुढच्या चौकटीच्या मागे चालू लागली.

शकुनने नवऱ्याला घराच्या, देवळाच्या, दुकानाच्या, प्रत्येक उंबऱ्याशी असं वाकताना वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"मांगचा आपला आहे," ती हळूच म्हणाली.

मग पुढे कोण होतं? गोपीचंद असेल, लिलाधरने स्वतःला सांगितलं. दोघं होते, दोघंच दिसतात, हिशेब बरोबर आहे. त्याने स्क्रीनजवळ तोंड नेलं. पुढची चौकट पुलीकडे चालली होती. गोपीचंदची चौकट सरळ चालायची, त्याने ती कितीदा तरी पाहिली होती. ही सरळ चालत नव्हती. पावलागणिक ती वर जात होती, खाली येत होती, नावेत बसल्यासारखी हिंदकळत होती.

शकुनची नजर स्क्रीनवरून खाली उतरली आणि भावाच्या आखूड पायावर थांबली. तिने त्याचा शर्ट दोन्ही मुठींत पकडला.

बाहेरून भय्याजींनी हाक मारली. कॅमेऱ्याची वायर पुलीमागे सैल झाली असेल, मोटर तर बंदच आहे, जरा जाऊन बघून घे, असं ते सांगत होते. लिलाधर उत्तर द्यायला वळला, तेवढ्यात शेडमध्ये बंद मोटरीचा पट्टा एकदा फटकन वाजला आणि चालू लागला.